जात्यावर बसले की ओवी सुचते

दौंड तालुक्यातील आमच्या आत्यांना चौऱ्याऐंशीवे लागले, तेव्हा त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात असे घरात ठरले. मोबाइल पुढे ठेवून मी म्हणालो, "आत्या, तुमच्या लहानपणाविषयी सांगा ना." त्या म्हणाल्या, "काय सांगायचं? सगळ्यांचं असतं तसंच." पाच मिनिटांत मुद्रण आटोपले. चूक माझ्या प्रश्नाची होती.

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आपण सैलपणे वापरतो. पण ती शब्दशः खरी आहे. समाजशास्त्रज्ञ गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, ओव्या मात्र बायकांच्या कंठात राहिल्या होत्या. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर सर्वांना ऐकता येतो. शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या ओव्याही त्यात आहेत. माहेर, भाऊ, लेक, नवऱ्याचा जाच, विठ्ठल: जे कुणापाशी बोलता आले नाही, ते दगडाला सांगितलेले.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले, की म्हातारपणी मागे वळून पाहणे हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नव्हे, तर आयुष्याचा हिशेब लावण्याची स्वाभाविक क्रिया आहे. विस्मरणाच्या आजारातही कालचे जेवण आठवत नाही, पण तरुणपणचे पुष्कळदा आठवते. तेव्हा "आज वार कोणता?" अशी परीक्षा घेण्यापेक्षा हाताला ओळखीचे काम द्यावे: निवडायला तांदूळ, वळायला वाती. प्रश्न नेमके असावेत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे जात होता? सुकडी कशी लागायची? उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या घरात चूल कोणत्या भिंतीला होती? सन चुकला तर चुकू द्यावा. वेळ सकाळची, अर्ध्या तासाहून अधिक नको. पंखा बंद, श्रवणयंत्र कानात. मुद्रण करतो आहोत हे आधी सांगावे आणि नको म्हटले तर यंत्र बंद करावे. ध्वनिफीत दोन ठिकाणी जपावी, कारण मोबाइल हरवतात.

पुढच्या खेपेस माळ्यावरचे जाते आम्ही खाली उतरवले. आत्यांनी पदर खोचला, खुंटा धरला. तीन-चार फेऱ्या नुसतीच घरघर झाली आणि मग ओवी आली. एक, दुसरी, तिसरी. तिसऱ्या ओवीत लेकीचे नाव होते. आमच्या घरात त्या नावाचे कुणी नाही. हात न थांबवता त्या सांगू लागल्या. दुष्काळी कामावर झाडाच्या फांदीला साडीची झोळी बांधलेली असे, त्यात निजलेली ती पोर त्याच वर्षी हगवणीने गेली. पन्नास वर्षे हे घरात कुणाला ठाऊक नव्हते.

मग म्हणाल्या, "ते बंद कर बाबा आता."

मी बंद केले. त्यानंतर त्या तासभर बोलत होत्या. ते मुद्रणात नाही.