भिंतीवरचा चुना

लग्नकार्यासाठी कोट शिवावयास टाकला तेव्हा शिंप्याने पाठीवर टेप लावून, मी समोर उभा असताही, आपल्या पोऱ्यास "मागून एक इंच जास्त, पुढून पाऊण इंच कमी" असे निर्विकारपणे लिहून घ्यावयास सांगितले. आणि २८ वर्षे कचेरीच्या दप्तरावर वाकून काढलेल्या माझ्या आयुष्याचा तो एका ओळीत पंचनामाच झाला.

त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, भल्या पहाटे भरणाऱ्या वर्गास मी गेलो. वर्ग चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त व्यायामशिक्षिका. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्याविषयी त्यांस नितांत आदर; परंतु आखडलेल्या पाठीकडून पहिल्याच दिवशी बारा नमस्कार वसूल करणे त्यांना मंजूर नाही. "आधी भिंत," एवढेच त्या म्हणाल्या.

टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे. नितंब, खांद्यांच्या फऱ्या आणि डोके मात्र भिंतीला. माझे डोके काही केल्या टेकेना, आणि टेकवण्याच्या भरात हनुवटी आढ्याकडे गेली. "वर नको, मागे. दुहेरी हनुवटी दिसली तरी चालेल," म्हणत त्यांनी माझ्या हनुवटीला दोन बोटे लावली, दाबली मात्र नाहीत. "अहो, डोकं जवळपास पाच किलोचं. मान पुढं काढली, की तेच ओझं हात लांब करून धरल्यासारखं होतं." पाच किलो! वाण्याकडून तेवढे गहू आणताना मी दोनदा हात बदलतो. शाळेत "छाती पुढे!" म्हणून ओरडणाऱ्या ड्रिलमास्तरांची आठवण मी काढली, तेव्हा बाई हसल्या. छाती काढली की कंबर आत जाते, दुखणे फक्त खोली बदलते.

मग भिंतीवरून हात वर सरकवणे, ओणवे होऊन मांजरासारखी पाठ फुगवणे नि सोडणे, पालथे पडून हलके भुजंगासन, आणि शेवटी उताणे पडणे. सारे मिळून बारा मिनिटे. जुन्या सतरंजीचा दमट वास एवढ्या जवळून मी लहानपणानंतर प्रथमच घेतला. महिन्यात पाठ सरळ होईल असे आश्वासन बाई देत नाहीत, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. कण्याला बाक जन्माचाच, तो पट्टीसारखा करावयाचा नाही. आणि ताठ बसूनही दोन तास हलला नाहीत तर पाठ तक्रार करणारच, तेव्हा मधून मधून उठा, असा त्यांचा हुकूम. कचेरीत विनाकारण उठणाऱ्याकडे साहेब कसे पाहतात, हे बाईंस ठाऊक नसावे.

त्या भिंतीचा चुना अंगाला लागतो. पहिल्या दिवशी घरी येऊन सदरा काढला तो पाठीच्या मधोमध, बाकावर, एकच पांढरा डाग होता. आज तिसरा आठवडा. उजव्या फरीवर चांगला रुपयाएवढा ठसा उमटला आहे. डावीकडे, ज्या खांद्याला मी रोज पिशवी अडकवतो तिथे, नुसती पुसट रेघ. सौभाग्यवतींनी सदरा धुवावयास मागितला. उद्या देतो म्हटले.