वॉर्डातला औषधतज्ज्ञ

सरकारी रुग्णालयात फार्मासिस्टची गरज दोन ठिकाणी असते. पहिले ठिकाण सगळ्यांना ठाऊक आहे: ओपीडीशेजारची औषधखिडकी. केसपेपर आत जातो, पट्ट्या कापून बाहेर येतात, ‘ही दोन वेळा, ही रात्री’ एवढे सांगेपर्यंत रांगेतला पुढचा हात खिडकीत आलेला असतो. दुसरे ठिकाण वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशी. लिहून दिलेले औषध नेमक्या याच रुग्णाला, याच मात्रेत, बाकीच्या औषधांबरोबर चालेल का, हे तिथे पाहणारा माणूस म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. खिडकीवर फक्त केसपेपर दिसतो. वॉर्डात रुग्ण, ट्रीटमेंट चार्ट आणि लॅबचे रिपोर्ट एकाच वेळी समोर असतात.

पात्रतेचा पाया १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य फार्मसी परिषदेकडे होते. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांचा डी.फार्म. आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, किंवा चार वर्षांचा बी.फार्म., हे नोंदणीचे रूढ मार्ग. सरकारी सेवेतल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याची पात्रताही याच शिक्षणाभोवती ठरलेली आहे. औषध ओळखणे, साठवणे आणि देणे यांसाठी हे शिक्षण पुरते. मात्र रुग्णाचा आजार, त्याचे रिपोर्ट आणि त्याची औषधे एकत्र वाचायची तर वॉर्डाचा सराव लागतो, आणि तोच या अभ्यासक्रमांत कमी आहे.

ही उणीव ओळखून फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला. पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष पूर्ण इंटर्नशिपचे. त्यातले सहा महिने मेडिसिन विभागात आणि उरलेले सहा महिने इतर तीन विभागांत, प्रत्येकी दोन महिने. किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी जोडलेली असल्याशिवाय संस्थेला हा अभ्यासक्रम चालवता येत नाही, आणि ही अट योग्यच आहे; खाटेशी उभे राहिल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. बी.फार्म. झालेल्यांना तीन वर्षांच्या फार्म.डी.चा किंवा फार्मसी प्रॅक्टिस विषयातल्या एम.फार्म.चा रस्ता आहे. पुढे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि क्लिनिकल फार्मासिस्ट हे पद नियमांत आले.

वॉर्डातले काम राउंडच्या आधी सुरू होते. रात्रीत दाखल झालेल्यांचे चार्ट आधी पाहायचे. मात्रा, वेळा, किती दिवस चालू, कोणते औषध दोनदा लिहिले गेले, ॲलर्जीचा रकाना कोरा आहे का, हे सगळे नजरेखालून घालायचे. ॲलर्जीचा रकाना कोराच असतो, असा अनुभव वॉर्डात वारंवार येतो. तो भरून घेणे हे दिसायला किरकोळ काम आहे. पण पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाचा जीव त्या एका ओळीवर वाचू शकतो.

खरा कस मूत्रपिंडाच्या हिशोबात लागतो. समजा, ७२ वर्षांची, ४८ किलो वजनाची बाई जंतुसंसर्गाने दाखल आहे. क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर हा आकडा जरासा वाढलेला दिसतो, गर्दीच्या राउंडमध्ये कुणी त्यावर थांबत नाही. क्लिनिकल फार्मासिस्ट कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र मांडतो. १४० मधून वय वजा केले की उरतात ६८. त्याला ४८ ने गुणायचे, ७२ आणि १.३ यांच्या गुणाकाराने भागायचे आणि रुग्ण स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचे. उत्तर येते तो क्रिएटिनिनचा क्लिअरन्स: मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर. निरोगी तरुण माणसात हाच आकडा १०० च्या आसपास असतो. म्हणजे ‘जरासे वाढलेले’ क्रिएटिनिन असलेल्या या बाईचे मूत्रपिंड एक तृतीयांशाहूनही कमी काम करत आहे. म्हातारपणी स्नायू झडतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, आणि आकडा फसवतो. या बाईला मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी चालू असेल तर ते बारा तासांनी करावे लागते. औषध शरीरात साचत गेले तर झटके येऊ शकतात. राउंडला बोलणे होते ते एवढेच: “सर, क्लिअरन्स तीसच येतोय. मेरोपेनेम बारा तासांनी करायचं का?” हिशोबाचा कागद चार्टला लावलेला असला की हा प्रश्न अडत नाही.

सलाइनच्या बाटलीशीही असेच बारकावे असतात. फेनिटोइनचे इंजेक्शन नॉर्मल सलाइनमध्येच घालायचे, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. साध्या ॲम्फोटेरिसिन बी चे उलट, ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. सेफ्ट्रियाक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच लाइनमधून एकाच वेळी सोडायचे नाही, कारण रिंगरमधल्या कॅल्शियमशी त्याचे कण बनतात; नवजात बाळांत हा धोका प्राणघातक ठरलेला आहे. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला गोळ्या कुटून दिल्या जातात, तिथे कोणती गोळी कुटायची नाही हे सिस्टरना लिहून द्यावे लागते. पँटोप्राझोलचे आवरण आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते, ते कुटले की औषध जठरातच वाया जाते. निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते आणि रक्तदाब कोसळतो.

इन्सुलिनबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा ताकदीचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनच्या कार्ट्रिजमधले इन्सुलिन १०० युनिटचे आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल संपली म्हणून ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवली जाते, आणि तिसऱ्या दिवशी योग्य सिरिंज आली की साखर एकदम खाली. उलट चूक त्याहून वाईट: १०० च्या ताकदीचे इन्सुलिन लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले तर अंगात ५० युनिट जातात. त्यामुळे मात्रा वाढवण्याआधी सिरिंज आणि कुपी दोन्ही हातात घेऊन पाहणे हे क्लिनिकल फार्मासिस्टचे पहिले काम.

रुग्ण दाखल होण्याआधी काय घेत होता, ही माहिती केसपेपरवर क्वचितच पुरी असते. ती बसून, विचारून काढावी लागते. “आजी, घरच्या गोळ्या आणल्यात का? सकाळची कोणती घेता, दाखवा बरं.” “ती पांढरी, बारकी.” पिशवी ओतली की पांढऱ्या बारक्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघतात. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंग आणि आकार बदलतो. मग जुनी उरलेली आणि नवी आलेली अशा दोन्ही गोळ्या, एकच औषध असताना, सोबतीने घेतल्या जातात. सांधेदुखीसाठी कुठूनतरी आणलेली ‘वाताची पुडी’ विचारल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि ती दीर्घकाळ घेणारा रुग्ण दाखल होताच ती अचानक बंद झाली तर रक्तदाब आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘गुडघ्यासाठी काय घेता?’ असे विचारले तर पुडी निघते.

डिस्चार्जच्या वेळचे समजावणे याच कामाचा पुढचा भाग. त्यात मेथोट्रेक्सेटला सर्वांत जास्त वेळ द्यावा. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असल्याने रुग्ण तीही रोज घेऊ लागतो, आणि रक्तपेशी घटून तोंड सोलवटून तो पुन्हा दाखल होतो. त्याच्यासोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी आणि बारकीच. पाकिटावर वार ठळक लिहून, रुग्णाकडून आणि घरच्या एका माणसाकडून तो वार वदवून घेतल्याशिवाय ही पट्टी हातात देऊ नये.

क्षयरोग आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या रुग्णाच्या बाबतीत औषधांचे परस्परसंबंध पाहणे फार महत्त्वाचे ठरते. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा वेगवान करते, त्यामुळे एचआयव्हीवरचे डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात टिकत नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. क्षयाची औषधे एका केंद्रातून आणि एचआयव्हीची औषधे (एआरटी) दुसऱ्या केंद्रातून घेणाऱ्या रुग्णाची दोन्ही कार्डे शेजारी ठेवून वाचणारा कुणीतरी हवा. वॉर्फरिन, गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचाही परिणाम रिफाम्पिसिन असेच घटवते.

औषधाचा दुष्परिणाम नोंदवणे हे काम सरकारी रुग्णालयात सर्वांत जास्त राहून जाते. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत. अर्जाला चारच गोष्टी अनिवार्य लागतात: रुग्णाची ओळख पटेल एवढी त्रोटक माहिती, काय झाले, कोणत्या औषधाचा संशय आणि कळवणारा कोण. नाव गुप्त राहते. औषधामुळेच झाले हे सिद्ध करण्याची गरज नाही, संशय पुरतो. ‘पुरळ उठली, औषध बंद केले, बरी झाली’ एवढे लिहून चार्ट बाजूला ठेवला की ती माहिती तिथेच संपते. तीच कळवली तर देशभरातल्या नोंदींशी जुळून इशारा तयार होतो. पोटदुखी आणि तापात सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम ही गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, असा इशारा कमिशनने २०२३ च्या अखेरीस दिला, तो अशाच नोंदींच्या विश्लेषणातून.

साठ्याचे काम मुख्यतः स्टोअरच्या फार्मासिस्टचे. ई-औषधी प्रणालीतल्या नोंदी, बॅच नंबर, मुदत, आधी संपणारे आधी वापरणे हे तिथे चालते. क्लिनिकल फार्मासिस्टचा संबंध येतो तो औषध संपल्यावर. एक प्रतिजैविक नसले तर पर्यायी कोणते, कोणत्या मात्रेत आणि कुणाला अजिबात नको, हे वॉर्डाला त्याच सकाळी कळायला हवे. पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्यांशेजारी ठेवलेल्या नाहीत ना, हे ट्रॉलीवर जाऊन पाहणेही त्याचेच काम.

अधिकाराची मर्यादा स्पष्ट आहे. भारतात क्लिनिकल फार्मासिस्ट औषध लिहून देत नाही. तो सूचना करतो, कारण लिहितो आणि निर्णय डॉक्टर घेतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मात्र जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला २००६ पासून स्वतंत्रपणे औषध लिहिता येते. आपल्याकडे तेवढी घाई करण्याचे कारण नाही. आज अडचण वेगळीच आहे: पात्रता ठरली, अभ्यासक्रम चालू झाला, नियमांत पद आले, पण सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात हे स्वतंत्र पद अभावानेच सापडते. इंटर्न म्हणून सरकारी वॉर्डात शिकलेल्यांना पुढे त्याच वॉर्डात जागा नसते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. औषध मोफत देणाऱ्या सरकारने ते सुरक्षित पोचेल याचीही जबाबदारी घ्यावी, आणि निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिदक्षता विभागात हे पद मंजूर करावे.

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी एवढे करावे: रुग्णालयात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या आणि काढे एका पिशवीत घालून न्यावेत. नवीन गोळीनंतर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशी तक्रार १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही नोंदवता येते.