लोखंडी पेटीचे घर होताना

जपानच्या मियागी प्रांतातले ओनागावा हे मासेमारीवर जगणारे गाव ११ मार्च २०११च्या त्सुनामीने उद्ध्वस्त केले. वाचलेल्यांना तातडीने निवारा हवा होता; पण डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात सपाट जागा फारच थोडी. एकमजली तात्पुरती घरे तिथे पुरती बसेनात. वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी मालवाहू जहाजांवरचे २० फुटी कंटेनर निवडले आणि बेसबॉलच्या मैदानावर ते दोन-तीन मजली रचले. बुद्धिबळाच्या पटासारखे, एक चौकोन भरलेला, एक मोकळा. कंटेनरच्या आत मुलांची खोली आणि न्हाणीघर. मधल्या मोकळ्या चौकोनाला मोठ्या काचा लावून बैठकीची खोली. सामानाची कपाटे स्वयंसेवकांनी बसवली. १८९ कुटुंबांचे संसार तिथे उभे राहिले.

तयार मिळणे, उचलून नेता येणे आणि एकावर एक रचता येणे, हे कंटेनरचे तिन्ही गुण तिथे कामी आले. आपल्याकडेही आता शेतावरची खोली, कॅफे, साइट ऑफिस अशा रूपांत कंटेनर दिसू लागले आहेत. न्हावा-शेवा बंदराच्या आसपास, उरण-पनवेल पट्ट्यातल्या यार्डांत वापरलेले कंटेनर विकत मिळतात. पेटी आणली की घर झाले, असे मात्र नाही.

ताकद कोपऱ्यांत

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि मालवाहतुकीचे नवे युग सुरू झाले. पुढे मापे जगभर एकसारखी झाली. सारी रचना एकाच हिशेबाने केलेली: वरच्या थरांचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतो. म्हणून भरलेले कंटेनर आठ-नऊ थर रचता येतात. भिंतीचा नालीदार पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा. पण तोच सांगाड्याला वाकू देत नाही. मोठ्या खिडकीसाठी किंवा दोन कंटेनर जोडण्यासाठी तो कापला, की त्या जागी लोखंडी चौकट वेल्ड करावीच लागते. छपराचा पत्राही पातळच. त्यावर थेट माती टाकून बाग करणे धोक्याचे. पायाही चार कोपऱ्यांखालीच पक्का हवा.

ऊन, ओल आणि गंज

२० फुटी कंटेनरची आतली रुंदी ७ फूट ८ इंच, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस फूट. दोन्ही भिंतींना तीन-तीन इंच उष्णतारोधक थर आणि प्लायवूड लावले, की रुंदी सात फुटांच्या आसपास येते. साध्या कंटेनरची आतली उंची ७ फूट १० इंच. वरून थर दिला, की सीलिंग फॅनखाली हात वर करणे अवघड होते. म्हणून राहण्यासाठी एक फूट जास्त उंचीचा ‘हाय क्यूब’ घ्यावा.

उन्हात पत्रा तापतो आणि आतली खोलीही तापते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वर हातभर अंतर सोडून दुसरे छप्पर घालणे. मधून वारा खेळला, की बराचसा ताप वरच अडतो. गार पत्र्याला आतली दमट हवा लागली, तर पाण्याचे थेंब जमतात. त्यामुळे फवारून पत्र्याला चिकटणारा फोम बरा पडतो. कंटेनरचे पोलाद गंजाला बऱ्यापैकी तोंड देते. पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रंगाचे संरक्षण हवेच.

विकत घेण्याआधी

यार्डात गेल्यावर आत उभे राहा आणि दार बंद करून घ्या. काळोखात कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर तिथून पाणी आत येणार. दारावरची धातूची पाटी वाचा: तिच्यावर कंटेनर कधी बनला आणि किती भार सोसतो हे असते. तळाच्या लाकडी फळीवर कोणते कीटकनाशक वापरले, याचीही नोंद अनेकदा तिथेच असते. ती जरूर पाहा; कारण त्या फळीवर मुले बसणार, झोपणार. रिकामा २० फुटी कंटेनरही सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. शेवटच्या अरुंद रस्त्यावर ट्रेलर वळेल का आणि हायड्रा क्रेन उभी राहील का, हे आधीच पाहा. ‘ठेवलेल्या पेटीला परवानगी लागत नाही’ या समजावर विसंबू नका. जमिनीचा वापर आणि बांधकामाचे नियम आधी तपासा.

हा विषय केवळ हौसेचा नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना तात्पुरता निवारा म्हणून कंटेनरच मिळाले आणि तिथला मुक्काम अनेक महिने लांबला. संकटात कंटेनर पटकन पोहोचतो, हा त्याचा मोठा उपकार. पण माणूस त्यात उन्हाळा आणि पावसाळा काढणार असेल, तर किती कंटेनर पाठवले एवढ्यावर मदत मोजू नये. दुहेरी छप्पर, समोरासमोर खिडक्या, उष्णतारोधक थर आणि न्हाणीघर यांची तरतूद पहिल्याच मागणीपत्रात असावी. घर म्हणून द्यायचे, तर ते राहण्याजोगे करूनच द्यायला हवे.