‘परमा’ : संज्ञा, निदान आणि उपचार

मराठीत ज्या रोगास ‘परमा’ म्हणतात, त्यास वैद्यकीय परिभाषेत ‘पूयप्रमेह’ ही संज्ञा आहे. दोहोंच्या मुळाशी ‘प्रमेह’ हा संस्कृत शब्द असून त्यातील ‘मिह्’ धातूचा अर्थ मूत्रविसर्जन करणे असा आहे. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार मानले. मधुमेह हा त्यांपैकीच एक होय. ‘गोनोऱ्हिया’ या मूळच्या ग्रीक संज्ञेचा अर्थ ‘बीजस्राव’. रोग्याच्या पुवास वीर्य समजल्याने ती रूढ झाली. दोन्ही परंपरांत नाव पडले ते दिसणाऱ्या स्रावावरून.

लक्षणावरून नाव पडणे भाषेत स्वाभाविकच आहे. परंतु लक्षणालाच रोग मानले की निदान चुकते. १८७९ साली आल्बर्ट नायसर याने या रोगाचा जंतू शोधून काढला, आणि संज्ञा व रोग यांची व्याप्ती एक नाही हे पुढे स्पष्ट होत गेले. क्लॅमिडियासारख्या अन्य जंतूंमुळेही मूत्रमार्गातून स्राव होतो. उलट, संसर्ग झालेल्या अनेक स्त्रियांत, तसेच घशातील संसर्गात, लक्षण बहुधा दिसतच नाही. अशा दुर्लक्षित संसर्गातून स्त्रीस वंध्यत्व येऊ शकते व नवजात अर्भकाची दृष्टी जाऊ शकते.

म्हणून निदान प्रयोगशाळेवर अवलंबून असते. पुरुषाच्या मूत्रमार्गातील स्रावाचे ग्रॅम-रंजन केल्यास श्वेतपेशींत जोडीजोडीने असलेले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्त्रियांत व घशाच्या बाबतीत ही परीक्षा अपुरी पडते. जंतूच्या न्यूक्लिइक आम्लाचा शोध घेणारी परीक्षा सर्वांत संवेदनक्षम आहे. परंतु कोणते औषध लागू पडेल, हे ती सहसा सांगत नाही. त्यासाठी जंतूचे संवर्धनच करावे लागते.

या संवर्धनाचे महत्त्व औषधांच्या इतिहासावरून कळते. १९३० नंतरच्या दशकात आलेली सल्फा औषधे काही वर्षांतच निष्प्रभ झाली. त्यांची जागा घेणाऱ्या पेनिसिलिनचा नाश करणारे वाण १९७६ साली आढळले. क्विनोलोन गटाच्या औषधांची शिफारस अमेरिकेने २००७ साली मागे घेतली. जपानमधील क्योतो येथे २००९ साली मिळालेला एक वाण सेफ्ट्रिॲक्सोनलाही दाद देईना. या प्रतिरोधाचे एक उगमस्थान घसा हे होय. तेथे याच कुळातील निरुपद्रवी जंतू वसतात. त्यांच्या जनुकांचे अंश आत्मसात करून परम्याचा जंतू औषधास दुर्दम्य होतो. ज्या स्थानी संज्ञेतील ‘स्राव’ दिसत नाही, तेथेच ही घडामोड चालते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२० साली प्रौढांसाठी सेफ्ट्रिॲक्सोनच्या ५०० मिलिग्रॅमच्या एकाच इंजेक्शनाची शिफारस केली (१५० किलोग्रॅम वा त्याहून अधिक वजनाच्या व्यक्तीस १ ग्रॅम). क्लॅमिडियाचा संसर्ग नाही अशी खात्री नसल्यास सात दिवस डॉक्सिसायक्लिन द्यावे, असेही सुचविले. जोडीदाराची तपासणी व उपचार आवश्यक असतात. घशातील संसर्गात ७ ते १४ दिवसांनी पुन्हा परीक्षा करावी. उपचारानंतरही जंतू आढळल्यास संवर्धन करून त्याची औषधसंवेद्यता तपासावी.

रोग्याच्या भाषेत स्राव थांबला म्हणजे परमा बरा झाला. मूत्रमार्ग स्वच्छ होऊनही घशात जंतू उरलेला असू शकतो, ही गोष्ट चिकित्सकाने त्याला त्याच्याच शब्दांत समजावून दिली पाहिजे. अन्यथा तो पुनर्परीक्षेसाठी परत येण्याचा संभव कमी.