हेडर बसवले, आता अल्टरनेटर कुठे?

शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाच्या १९६८पर्यंतच्या बहुतेक सिलिंडर हेडना पुढच्या बाजूला ब्रॅकेटसाठी आट्यांची भोके नव्हती. ती १९६९पासून आली. त्यामुळे जुन्या इंजिनांवर अल्टरनेटरचा भार बऱ्याचदा ओतीव लोखंडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर असे. त्याजागी नळ्यांचे हेडर लावले की हा आधारच जातो.

उपाय म्हणजे हेडरच्या फ्लॅंजचे बोल्ट, वॉटर पंप किंवा इनटेक मॅनिफोल्ड यांना धरणारे वेगळे ब्रॅकेट. ते वॉटर पंप आखूड की लांब हे पाहूनच घ्यावे. नळीला वेल्डिंग करून कान जोडणे हा आळशी मार्ग. उष्णता आणि कंपनाने तिथे तडा जातो. फ्लॅंजच्या बोल्टवर ब्रॅकेटची जाडी वाढते, म्हणून बोल्ट तेवढे लांब हवेत.

खरी कसोटी पुल्यांची. क्रॅंक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर यांच्या खाचा एका रेषेत नसतील, तर पट्टा ओरडतो, झिजतो, उडतो. फरक वॉशरच्या चळतीने नव्हे, मापाच्या स्पेसरने भरावा. वायर नळ्यांपासून दूर बांधाव्यात. इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर फ्लॅंजचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पट्ट्याचा ताणही तपासावा.