कापड, पाणी आणि आंतरक्रिया : द्विघटकी प्रचरण विश्लेषणाविषयीचे गैरसमज

नागपूरच्या गांधीबागेतील ठोक बाजारात विकले जाणारे कापड धुतल्यावर किती आटते, हा प्रश्न वरवर एका आकड्याचा वाटतो. परंतु आटण्याचे प्रमाण कापडाच्या प्रकारावर आणि पाण्याच्या तापमानावर एकाच वेळी अवलंबून असते. अशा दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत म्हणजे द्विघटकी प्रचरण विश्लेषण होय. प्रचरण हे निरीक्षणांच्या विखुरलेपणाचे माप असून, एकूण विखुरण्यापैकी किती भाग कोणत्या घटकामुळे आला आणि किती भाग निव्वळ योगायोगाचा, म्हणजे अवशिष्ट आहे, याची वाटणी करून सरासऱ्यांमधील फरक खरा मानावा की नाही हे ही पद्धत ठरवते.

विवेचनासाठी एक काल्पनिक चाचणी घेऊ. सुती आणि टेरिकॉट या दोन प्रकारांचे प्रत्येकी 6 तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळ्या ताग्यातून कापलेला, चिठ्ठ्या टाकून निम्मे थंड आणि निम्मे गरम पाण्यात धुतले. सुती कापड थंड पाण्यात 1, 2, 3 टक्के आणि गरम पाण्यात 5, 6, 7 टक्के आटले. टेरिकॉट मात्र दोन्ही पाण्यांत 0, 1, 2 टक्केच आटले.

सर्वांत रूढ गैरसमज असा, की कापडाची तुलना एकदा आणि पाण्याची तुलना एकदा, अशा दोन स्वतंत्र चाचण्या केल्या की काम भागते. वरील आकड्यांवर केवळ थंड व गरम पाण्याची तुलना केली, तर कापडाच्या प्रकारामुळे पडलेला सारा फरक योगायोगाच्या खात्यात जमा होतो. पाण्याच्या वाट्याला विचलनांच्या वर्गांची बेरीज 12 येते, अवशिष्ट बेरीज 47 राहते आणि तिला 10 स्वातंत्र्यमात्रांनी (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या विचलनांच्या संख्येने) भागून मिळणाऱ्या 4.7 शी तुलना केल्यास एफ-गुणोत्तर, म्हणजे घटकाच्या वाट्याचे योगायोगाच्या मापाशी असलेले प्रमाण, सुमारे 2.55 निघते. पाच टक्के पातळीवरील मर्यादा 4.96 असल्याने ‘पाण्याचा परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहिला जाईल. दोन्ही घटक एकत्र घेतल्यास कापडाच्या नावे 27, पाण्याच्या नावे 12, दोघांच्या संयोगाच्या नावे 12 अशी बेरीज वेगळी निघते, अवशिष्ट फक्त 8 उरते, त्याची मात्रा 8 असल्याने भाजक 1 होतो आणि पाण्याचे गुणोत्तर 12 येते, जे 5.32 या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. आकडे तेच असूनही निष्कर्ष उलटतो.

या संयोगालाच आंतरक्रिया म्हणतात : एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलणे. गरम पाण्याने सरासरी 2 टक्के अधिक आटते, हे विधान गणिताने बरोबर असले तरी सुती कापडासाठी तो फरक 4 आणि टेरिकॉटसाठी शून्य असल्याने ते दोहोंपैकी एकालाही लागू पडत नाही. म्हणून विश्लेषणाचा तक्ता वाचताना आधी आंतरक्रियेची ओळ पाहावी, आणि ती ठळक असेल तर प्रत्येक कापडासाठी पाण्याचा परिणाम वेगळा सांगावा. आंतरक्रिया ही मूळ निष्कर्षात आलेली अडचण आहे हा समज तर पद्धतीच्या इतिहासालाही धरून नाही. फिशर आणि मॅकेन्झी यांनी 1923 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, या विश्लेषणाच्या आरंभीच्या प्रबंधात बटाट्याच्या निरनिराळ्या जाती खतांना वेगवेगळा प्रतिसाद देतात का, हाच प्रश्न होता. शेतीच्या प्रयोगांतील ही रीत भारतीय अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्यात पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या 1954 च्या इंग्रजी ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

कापड आणि पाणी यांच्या प्रत्येक जोडीत एकच तुकडा पुरे, असे खर्च वाचवू पाहणाऱ्यास वाटते. परंतु तेव्हा 4 निरीक्षणांच्या 3 मात्रा कापड, पाणी आणि आंतरक्रिया यांतच संपतात व योगायोगाचे माप काढायला काहीच शिल्लक राहत नाही. उलट एकाच ताग्यातून तीन तुकडे कापून त्यांना तीन स्वतंत्र निरीक्षणे म्हणणे ही अधिक फसवी चूक आहे, कारण ते तुकडे त्या ताग्याचे गुणदोष सोबत घेऊन येतात.

सर्व निरीक्षणे मिळून घंटाकृती, म्हणजे प्रसामान्य वितरणाची असावीत ही अटही चुकीची सांगितली जाते. अट अवशिष्टांची, म्हणजे प्रत्येक निरीक्षणाच्या आपल्या गटाच्या सरासरीपासूनच्या विचलनांची, आहे. वरील बारा आकडे एकत्र पाहिले तर सुती-गरम गट इतरांपासून तुटलेला दिसतो, आणि तसे दिसण्यात काही गैर नाही. गटांतील तुकड्यांची संख्या असमान असली तर पद्धत निकामी होते असेही नाही. मात्र मग घटकांच्या वाट्यांची साधी बेरीज जुळेनाशी होते आणि कोणता घटक आधी हिशेबात घेतला यावर वाटा बदलू शकतो. हा प्रश्न येट्स यांनी 1934 मध्येच सविस्तर हाताळला होता, तरी अहवालात कोणती रीत वापरली हे लिहिण्याचा आळस अजून दिसतो.

शेवटी, मोठे एफ-गुणोत्तर म्हणजे मोठा परिणाम नव्हे. तुकड्यांची संख्या पुरेशी वाढवली की अगदी क्षुल्लक खरा फरकही मर्यादा ओलांडतो. सुती कापडावरील 4 टक्क्यांचा फरक 5 मीटरमागे 20 सेंटिमीटर होतो, आणि तेवढे कापड जास्त घ्यायचे की गिऱ्हाइकाला थंड पाण्यात धुवायला सांगायचे, हे एफ-गुणोत्तरावरून ठरत नाही.