केमोथेरपीतील मळमळ आणि स्वयंपाकघरातील उपाय

कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्यासाठी जी औषधे शिरेतून दिली जातात, त्यांपैकी काहींमुळे, विशेषतः सिस्प्लॅटिनसारख्या औषधांमुळे, लहान आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन हे रसायन मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते; ते व्हेगस या मज्जातंतूला चेतवते आणि हा संदेश मेंदूतील वांतिकेंद्रापर्यंत, म्हणजे ओकारी घडवून आणणाऱ्या भागापर्यंत, पोहोचला की रुग्णाला मळमळू लागते. पहिल्या २४ तासांतील त्रासाला तात्कालिक आणि त्यानंतरच्या काही दिवसांतील त्रासाला विलंबित मळमळ म्हणतात. मागच्या खेपेच्या अनुभवामुळे रुग्णालयाच्या नुसत्या वासानेही पोटात ढवळू लागते, तो तिसरा प्रकार होय.

अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळालेले ऑन्डान्सेट्रॉन हे औषध सेरोटोनिनचा हाच संदेश रोखते. अशी औषधे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता घ्यावी लागतात, आणि घरगुती उपायांचे स्थान त्यांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नव्हे.

या उपायांत पहिला विचार वासाचा करावा लागतो. लसूण, हिंग, कांदा यांची फोडणी एरवी भूक चाळवते, पण उपचारांच्या काळात तीच रुग्णाला असह्य होऊ शकते. म्हणून फोडणीचे पदार्थ रुग्णाच्या खोलीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावेत आणि ज्यातून वाफ कमी निघते असे कोमट किंवा गार अन्न वाढावे. ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू असल्यास मात्र गार पदार्थांनी घशात व हातापायांत मुंग्या येतात, त्यामुळे तेथे कोमट अन्नच योग्य ठरते. भरल्या ताटाऐवजी मऊ भात, तांदळाची पेज, साळीच्या लाह्या किंवा टोस्ट असे हलके अन्न दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे आणि पाणी जेवणाबरोबर भरपूर न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्यावे.

आल्याचा अभ्यास बराच झाला आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, नेहमीच्या औषधांसोबत रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीइतके आले घेणाऱ्यांची पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाल्याचे आढळले, मात्र सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा प्लेटलेट्स कमी झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आल्याचे काढे व गोळ्या घेऊ नयेत. लिंबू किंवा कोकमाचे सार अनेकांना रुचते, परंतु तोंड आले असल्यास आंबट पदार्थ झोंबतात.

वारंवार उलट्या झाल्यास शरीरातील पाणी व क्षार घटतात. अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे द्यावे, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला असेल, तर घरी कोणताही उपाय करत न बसता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.